वाट पाहणाऱ्या संगणकाची वीज

घरातले कोणते उपकरण सर्वांत जास्त वीज खाते, असा प्रश्न वर्गात विचारला, तर इस्त्री, गीझर, पाण्याचा पंप अशी उत्तरे येतात. ती चूक नसतात, पण अपुरी असतात. विजेचे बिल केवळ वॅटचे येत नाही. वॅट आणि तास यांच्या गुणाकाराचे येते. १००० वॅटची इस्त्री रोज पंधरा मिनिटे वापरली, तर वर्षाला सुमारे ९१ युनिटे होतात. अवघ्या १० वॅटचे एखादे उपकरण रात्रंदिवस चालू राहिले, तर त्याची वर्षाची युनिटे होतात ८७.६. म्हणजे हाताला चटका देणारी इस्त्री आणि कोपऱ्यात गुपचूप बसलेली एक डबी बिलाच्या हिशेबात जवळजवळ सारख्याच!

अशा रात्रंदिवस चालणाऱ्या डब्यांपैकी एक म्हणजे घरगुती सर्व्हर. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, पुस्तके, धड्यांच्या चित्रफिती एका जागी साठवून ठेवायच्या आणि घरातल्या किंवा शाळेतल्या इतर संगणकांनी, फोनांनी मागितल्या की द्यायच्या, एवढेच त्याचे काम. इंटरनेट नसले तरी हे काम चालते. मराठी विकिपीडियाचा सारा मजकूर किविक्स या मोफत प्रणालीच्या साहाय्याने अशा संगणकावर उतरवून ठेवता येतो आणि मग बाहेरची जोडणी नसलेल्या शाळेतही मुले तो वाचू शकतात. म्हणूनच आता अनेक शाळांत असा संगणक घेण्याचा विचार चालतो आणि पहिला प्रश्न येतो, यंत्र कोणते घ्यावे?

या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या दरपत्रकात शोधण्याआधी आपण थोडे मागे जाणार आहोत. सर्व्हरची तुलना ग्रंथालयाच्या खिडकीशी बसलेल्या माणसाशी करता येईल. दिवसातून काही वेळा कोणी पुस्तक मागतो. बाकी सारा वेळ तो वाट पाहत असतो. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी घरगुती सर्व्हर खरोखरीचे काम फार थोडे तास करतो. तेव्हा त्याच्या बाबतीत खरा प्रश्न 'काम करताना किती वीज लागते' हा नसून 'वाट पाहताना किती वीज लागते' हा आहे. आणि कमी विजेत वाट पाहायला संगणक एका दिवसात शिकला नाही. त्याला साठ-सत्तर वर्षे लागली.

नलिकांचा काळ

१९४६ साली फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 'एनिअ‍ॅक' हा संगणक जगापुढे ठेवला. जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट हे त्याचे शिल्पकार. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेत असे. दिवसभर चालला तर ३,६०० युनिटे! यातली बरीचशी वीज गणिते करण्यासाठी लागत नसे. निर्वात नलिकेत विजेच्या दिव्यासारखी एक तापलेली तार असते. ती तापली तरच नलिकेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यामुळे नलिका काम करो वा न करो, तार तापवत ठेवावीच लागे. शिवाय यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, की तापण्या-निवण्याच्या ताणाने नलिका जळत. म्हणून एनिअ‍ॅक शक्यतो बंदच करत नसत. रिकामा असतानाही त्याचे खाणे चालूच राही.

भारतातील स्थिती वेगळी नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण अभियंत्यांनी संगणक बांधायला घेतला. त्याची छोटी प्रायोगिक आवृत्ती १९५६ साली आणि पूर्ण यंत्र १९६० साली कामाला लागले. १९६२ मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. ज्या पिढीने तो बांधला तिच्या दृष्टीने वीज आणि उष्णता हा संगणकाचा स्वभावच होता; यंत्राला थंड ठेवणे हे यंत्र चालविण्याचेच एक अंग होते.

१९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. शॉक्ली यांच्यासह या तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रान्झिस्टरला तापलेली तार लागत नाही, त्यामुळे विजेची मागणी एकदम खाली आली. परंतु एक अडचण राहिलीच. त्या काळच्या ट्रान्झिस्टर-मंडलांमध्ये स्थिर अवस्थेतही कुठून ना कुठून प्रवाह वाहत राही. तार गेली, पण वाट पाहण्याचा खर्च पूर्णपणे गेला नाही.

दोन झडपांची युक्ती

तो खर्च जवळजवळ शून्यावर आणणारी युक्ती १९६३ साली सापडली. अमेरिकेतील फेअरचाइल्ड कंपनीतील फ्रँक वॉनलास आणि सी. टी. साह यांनी ती मांडली. तिलाच आज आपण 'सीमॉस' म्हणतो.

वर्गात ही कल्पना पाण्याच्या टाकीवरून समजावता येते. एका लहान टाकीला वर एक झडप आहे, ती भरण्यासाठी. खाली एक झडप आहे, ती रिकामी करण्यासाठी. दोन्ही झडपा एकाच दांड्याला अशा जोडल्या आहेत, की वरची उघडली की खालची बंद व्हावी आणि खालची उघडली की वरची बंद व्हावी. आता टाकी भरलेली म्हणजे 'एक' आणि रिकामी म्हणजे 'शून्य' असे मानू. टाकी भरलेली असो वा रिकामी, स्थिर असताना पाणी वाहून जात नाही, कारण दोन झडपांपैकी एक बंदच असते. पाणी खर्च होते ते फक्त 'शून्य' चे 'एक' आणि 'एक' चे 'शून्य' होताना.

सीमॉसमध्ये झडपांच्या जागी एकमेकांना पूरक असे दोन ट्रान्झिस्टर असतात आणि टाकीच्या जागी विद्युतभार साठविणारे सूक्ष्म धारित्र. बदल झाला तरच खर्च; बदल नाही तर खर्च नाही. वाट पाहणाऱ्या यंत्राला याहून चांगले काय हवे?

तरीही संगणकांच्या दुनियेने ही युक्ती लगेच उचलली नाही. सुरुवातीची सीमॉस मंडले मंद होती आणि बनवायला अवघड होती. विजेच्या खांबाला जोडलेल्या यंत्राला काटकसरीची गरज वाटत नव्हती. ज्यांना ती होती, त्यांनी ती आधी स्वीकारली: मनगटी घड्याळे, खिशातले गणकयंत्र आणि अंतराळयाने. आरसीए कंपनीचा १८०२ हा १९७६ सालचा सीमॉस प्रक्रियक १९८९ मध्ये गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानात बसला होता. पुढे एकेका चकतीवरील ट्रान्झिस्टरांची संख्या लाखांत गेली, तेव्हा उष्णता आवरेना आणि मोठ्या संगणकांनाही सीमॉसकडे वळावे लागले.

एक सोपे सूत्र

सीमॉस चकतीचा वीजवापर एका सोप्या सूत्रात बसतो. धारित्राची क्षमता, विद्युतदाबाचा वर्ग आणि सेकंदाला होणारे बदल या तिघांचा गुणाकार म्हणजे तिला लागणारी शक्ती. या सूत्रातला 'वर्ग' हा शब्द अधोरेखित करण्यासारखा आहे. दाब निम्मा केला तर वीज निम्मी होत नाही, चौथ्या हिश्शावर येते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. १९९३ साली इंटेल कंपनीचा पहिला पेंटियम आला. तो ५ व्होल्टवर आणि सेकंदाला ६.६ कोटी ठोक्यांवर चालताना जास्तीत जास्त सुमारे १६ वॅट घेई. पुढच्याच वर्षी आलेला पेंटियम ३.३ व्होल्टवर आणि १० कोटी ठोक्यांवर चाले. ठोके दीडपट झाले, म्हणून वीज २४ वॅट व्हायला हवी होती. पण दाबाच्या वर्गाचे गुणोत्तर १०.९ भागिले २५, म्हणजे ०.४४ येते. २४ ला ०.४४ ने गुणले तर सुमारे साडेदहा वॅट. प्रत्यक्षात तो सुमारे १० वॅट घेई. भौतिकशास्त्राच्या तासाला हे उदाहरण जरूर द्यावे. वर्गमूळ आणि वर्ग हे केवळ परीक्षेसाठी नसतात, हे मुलांना पटते.

आयबीएम कंपनीचे रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्येच याचा एक मोठा नियम मांडून ठेवला होता. ट्रान्झिस्टरची लांबी, रुंदी आणि त्याला द्यायचा दाब हे सगळे एकाच प्रमाणात कमी करत गेले, तर चकतीच्या दर चौरस मिलिमीटरमागे लागणारी वीज तेवढीच राहते. म्हणजे ट्रान्झिस्टर अधिक, वेग अधिक, पण उष्णता तेवढीच. जवळजवळ तीस वर्षे उद्योगाने या नियमाचे फळ चाखले.

केंब्रिजची काटकसर

कमी विजेच्या संगणकाचा दुसरा धागा इंग्लंडमधील केंब्रिज गावात सुरू होतो आणि तो अधिक मनोरंजक आहे. तेथील एकॉर्न या लहान कंपनीने १९८१ साली बीबीसी या प्रसारण संस्थेसाठी शाळांमध्ये वापरायचा संगणक तयार केला होता. त्याहून शक्तिमान यंत्र बनवायचे तर प्रक्रियक कोणता घ्यावा, हा प्रश्न उभा राहिला. बाजारातले प्रक्रियक पसंत पडेनात. शेवटी १९८३ मध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःच प्रक्रियक आखायला घेतला. मनुष्यबळ थोडे आणि पैसा त्याहून थोडा. म्हणून त्यांनी आखणी शक्य तितकी साधी ठेवली: आज्ञा थोड्या, पण प्रत्येक झटपट उरकणारी.

यात एक अट होती. चकती महागड्या सिरॅमिकच्या वेष्टनात घालणे परवडणारे नव्हते. प्लास्टिकच्या वेष्टनात घालायची तर तिने एक वॅटहून कमी उष्णता सोडायला हवी होती. नेमकी किती वीज लागेल हे आधी मोजण्याची चांगली साधने हाताशी नव्हती. त्यामुळे आखणी करणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी हात राखून खर्च केला. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चकती हाती आली आणि चालली. तिच्यात सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. वीज किती लागावी? सुमारे एक दशांश वॅट. अटीच्या दहावा भाग!

फर्बर यांनी पुढे सांगितलेली एक हकिकत प्रसिद्ध आहे. चकतीला जाणारा प्रवाह मोजण्यासाठी त्यांनी मापक जोडला, तर काटा शून्यावर. चकती मात्र व्यवस्थित गणिते करत होती. शोध घेता असे आढळले, की चाचणीच्या फळीवर चकतीला वीजपुरवठ्याची जोडणीच झालेली नव्हती. इतर तारांवरून येणाऱ्या संकेतांमधून जी थोडीफार वीज आत झिरपत होती, तिच्यावरच प्रक्रियक चालला होता.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वीज वाचवणे हा या मंडळींचा मूळ हेतू नव्हता. त्यांना प्लास्टिकचे स्वस्त वेष्टन हवे होते. काटकसर ही गरिबीची उपज होती. तिचे मोल नंतर कळले. १९९० च्या नोव्हेंबरात एकॉर्न, अ‍ॅपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून 'आर्म' ही वेगळी कंपनी काढली. बारा अभियंते केंब्रिजजवळच्या एका जुन्या कोठारात बसून कामाला लागले. काही वर्षांतच मोबाइल फोन आले, फोनाला बॅटरी आली आणि बॅटरीला नेमकी अशीच चकती हवी होती. १९९६ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीने आर्मच्या आराखड्यावर बनविलेला 'स्ट्राँगआर्म' सेकंदाला १६ कोटी ठोक्यांवर चालून अर्ध्या वॅटहून कमी वीज घेत होता. वर सांगितलेला १० कोटी ठोक्यांचा पेंटियम १० वॅट घेई, हे आठवले म्हणजे फरक लक्षात येतो.

गळके नळ आणि झोपेची कला

दोन हजार सालानंतर डेनार्ड यांच्या नियमाने साथ सोडली. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले, की बंद झडपेतूनही विद्युतप्रवाह गळू लागला. दाब आणखी कमी करावा तर गळती वाढते आणि न करावा तर उष्णता वाढते, असा पेच पडला. २००४ साली आलेल्या पेंटियम-४ च्या काही प्रकारांची उष्णता-मर्यादा ११५ वॅट होती. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने याहून वेगवान अशा 'तेजस' नावाच्या प्रक्रियकाचे काम सोडून दिले. नाव आपल्याला जवळचे, पण ते तेज सोसणारे यंत्र बनणे कठीण होते. वेग वाढविण्याची शर्यत तेथे थांबली. इंटेलच्या इस्राएलमधील हैफा येथील गटाने लॅपटॉपसाठी आखलेला पेंटियम-एम २००३ मध्ये आला होता. काटकसरीची तीच वाट पुढे टेबलावरच्या संगणकांनीही धरली.

गळती थांबविण्याचा मार्ग म्हणजे चकतीच्या रिकाम्या भागाचा वीजपुरवठाच तोडणे, म्हणजे त्याला झोपविणे. पण झोप लागायची तर कोणी हलवून उठवू नये. रिकामा असताना प्रक्रियकाला 'थांब' असे सांगणारी आज्ञा फार पूर्वीपासून होती. तरी विंडोज ९५ सारखी प्रणाली ती वापरत नसे. काम नसतानाही प्रक्रियक एकाच वळशात धावत राही. १९९६ च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी यंत्राच्या झोपेच्या पायऱ्या ठरवून देणारी एक समान पद्धत प्रसिद्ध केली. लिनक्स प्रणालीत घड्याळाचा ठोका प्रक्रियकाला सेकंदाला शेकडो वेळा जागे करत असे. जागे होऊन तो पाही, काम आहे का? नाही. पुन्हा झोपे. २००७ मध्ये लिनक्समधून हे निरर्थक ठोके काढले गेले: पुढचे काम जेव्हा असेल तेव्हाच उठवायचे. दर मिनिटाला 'झोपलास का?' असे विचारणारा पालक आणि सकाळी एकदाच हाक मारणारा पालक, यांत जेवढा फरक तेवढा हा.

त्याच २००७ साली गूगलचे अभियंते लुइझ बारोसो आणि उर्स होल्झल यांनी एक लेख लिहून संपूर्ण उद्योगाचे लक्ष या मुद्द्याकडे वेधले. मोठ्या केंद्रांतील सर्व्हर बहुतेक वेळ क्षमतेच्या १० ते ५० टक्के एवढेच काम करतात. परंतु त्या काळचा सर्व्हर पूर्ण रिकामा असतानाही पूर्ण भाराच्या निम्म्याच्या आसपास वीज घेतो. काम जेवढे तेवढीच वीज, अशी यंत्रे बनवा, असे त्यांचे सांगणे होते. एनिअ‍ॅकच्या तापलेल्या तारेपाशी सुरू झालेला प्रश्न साठ वर्षांनी पुन्हा समोर आला होता.

घरात आलेला सर्व्हर

घरी किंवा लहान कचेरीत ठेवता येईल असा सर्व्हर या सगळ्या घडामोडींचा धाकटा वारस होय. १९९८ मध्ये कोबाल्ट कंपनीने 'क्यूब' हा निळा ठोकळा विकायला आणला. पडदा नाही, कळफलक नाही. दुसऱ्या संगणकावरून तो चालवायचा. २००४ साली लिंक्सिस कंपनीने चकत्या जोडण्याची एक हातात मावणारी डबी काढली. तिच्यात आर्म जातीचा प्रक्रियक आणि ३२ मेगाबाइट स्मृती होती. हौशी मंडळींनी तिच्यात लिनक्स बसविले आणि लहानशा डबीचा खरा सर्व्हर केला. २००९ मध्ये भिंतीच्या सॉकेटमध्येच खोचायचा 'शीवाप्लग' आला.

या काळातील एक उदाहरण यंत्र निवडणाऱ्याने कधी विसरू नये. २००८ साली इंटेलने 'अ‍ॅटम' हा छोटा प्रक्रियक आणला. टेबलावरच्या संगणकांसाठीच्या त्याच्या प्रकाराची उष्णता-मर्यादा फक्त ४ वॅट होती आणि जाहिरातीत तीच दिसे. पण त्याच्यासोबत फळीवर जी जुन्या धाटणीची साहाय्यक चकती बसवीत, तिची मर्यादा होती सुमारे २२ वॅट! पंखा बऱ्याचदा या साहाय्यक चकतीवर बसवावा लागे. नवरदेवापेक्षा वऱ्हाडच जास्त जेवले, असा हा प्रकार. बोध असा, की प्रक्रियकाचे वॅट म्हणजे यंत्राचे वॅट नव्हेत.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजमध्येच, म्हणजे आर्मच्या जन्मगावी, 'रास्पबेरी पाय' विक्रीस आला. मुलांनी संगणक उघडून शिकावा म्हणून एबेन अप्टन आणि सहकाऱ्यांनी ३५ डॉलरमध्ये विकलेली ही फळी. चित्र-ध्वनीच्या उपकरणांसाठी बनलेली चकती तिच्यात होती आणि ५ व्होल्टवर साडेतीन वॅट एवढी तिची गरज सांगितलेली होती. सर्व्हर म्हणून मात्र तिच्यात उणिवा होत्या. जाळ्याची जोडणी आणि बाहेरची चकती दोन्ही एकाच यूएसबी वाटेने जात, त्यामुळे वेग मर्यादित राही. आणि सतत लिहिल्याने स्मृतिकार्ड झिजे. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत जाळ्याला स्वतंत्र वाट मिळाली. दुसऱ्या बाजूने इंटेलचा वंशही खाली उतरत आला. २०२३ च्या आरंभी आलेल्या 'एन१००' प्रक्रियकाची उष्णता-मर्यादा ६ वॅट आहे आणि त्याच्यावर बांधलेले वहीएवढे संगणक रिकामे असताना साधारण दहा वॅटच्या आसपास राहतात. दोन वेगळ्या वाटांनी आलेले प्रवासी अखेर एकाच मुक्कामी पोहोचले आहेत.

निवड करताना

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या इतिहासातून निवडीसाठी चार गोष्टी हाती लागतात.

पहिली, वेष्टनावर छापलेला वॅटचा आकडा ही उष्णतेची मर्यादा असते. रिकामे असताना यंत्र भिंतीतून किती घेते, ते वेगळे विचारावे किंवा मोजावे.

दुसरी, सगळे वऱ्हाड मोजावे. साडेतीन इंची फिरती चकती नुसती फिरत राहण्यासाठी पाच-सहा वॅट घेते. अडीच इंची चकती एक-दोन वॅटच्या आत भागवते. न फिरणारी चकती त्याहून कमी. चार मोठ्या चकत्या लावल्या, तर प्रक्रियक कितीही काटकसरी असला तरी उपयोग नाही. वीजपुरवठ्याच्या डब्याचाही विचार हवा. चांगल्या डब्यांसाठी २००४ साली सुरू झालेली '८० प्लस' ही मान्यता मूळात २०, ५० आणि १०० टक्के भारावर ८० टक्के कार्यक्षमता मागते. ५०० वॅटच्या डब्यावर २० वॅटचा सर्व्हर लावला, तर भार होतो ४ टक्के, म्हणजे मान्यतेच्या कक्षेच्या कितीतरी बाहेर. बैलगाडीला हत्ती जुंपण्यासारखेच ते.

तिसरी, जुना लॅपटॉप हलका समजू नये. तो बॅटरीवर चालण्यासाठीच आखलेला असतो, त्यामुळे पडदा बंद ठेवला की थोडक्यात भागवतो. वीज गेल्यावर काही काळ स्वतःच तग धरतो. फक्त सतत विजेला जोडलेली जुनी बॅटरी फुगत नाही ना, हे अधूनमधून पाहावे. वीज जाण्याच्या दृष्टीनेही लहान यंत्राचा फायदा असतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या लहान बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. मधली घट सोडून दिली, तर ६० वॅटच्या यंत्राला ती दीड तासही पुरत नाही. १० वॅटच्या यंत्राला आठ तास पुरते. ज्यांनी भारनियमनाचे दिवस काढले आहेत, त्यांना याचे मोल सांगायला नको.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: तास मोजावेत. समजा, शाळेत रिकामा असताना ६० वॅट घेणारा एक जुना संगणक पडून आहे आणि १० वॅटचा नवा १२,००० रुपयांना मिळतो. दोन्ही वर्षभर अहोरात्र चालवले, तर जुन्याची युनिटे ५२५.६ आणि नव्याची ८७.६. युनिटला ८ रुपये धरले, तर वर्षाला सुमारे ३,५०० रुपये वाचतात आणि नव्या यंत्राची किंमत साडेतीन वर्षांत फिटते. सौदा बरा दिसतो. पण शाळेला रात्री दोन वाजता सर्व्हर कशाला हवा? शाळेचे २२० दिवस, रोज सहा तास, असे १,३२० तासच यंत्र चालवले आणि बाकी वेळ भिंतीवरचे बटण बंद ठेवले, तर जुन्या संगणकाची वर्षाची युनिटे होतात ७९.२. म्हणजे अहोरात्र चालणाऱ्या नव्या यंत्राहूनही कमी! शिवाय नवे यंत्र बनविण्यासाठी खर्ची पडलेली ऊर्जा आणि जुन्याचा होणारा कचरा वाचला तो वेगळाच. याउलट घरी दूरवरून छायाचित्रे पाहायची असतील किंवा वसतिगृहात रात्रीही वाचन चालत असेल, तर लहान यंत्रच योग्य. उत्तर यंत्रात नसते. ते वापरणाऱ्याच्या वेळापत्रकात असते.

करून पाहा

हे सारे मोजण्यासाठी महाग साधन लागत नाही. आपल्या इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर लुकलुकणारा एक लाल दिवा असतो आणि एका युनिटला किती वेळा तो लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. बऱ्याच मीटरवर तो ३,२०० असतो. घरातली इतर सर्व उपकरणे बंद करावीत, फक्त संगणक चालू ठेवावा आणि दोन लुकलुकींमधला काळ घड्याळाने मोजावा. ३६,००,००० या संख्येला आधी छापील आकड्याने आणि मग सेकंदांनी भागले की वॅट मिळतात. ३,२०० च्या मीटरवर पावणेएकोणीस सेकंदांचे अंतर आले, तर ६० वॅट. एकशे साडेबारा सेकंदांचे आले, तर १० वॅट. अंतर मोठे असल्यास दहा लुकलुकींचा काळ मोजून सरासरी काढावी, म्हणजे चूक कमी होते. मीटरला हात लावायचा नाही, फक्त पाहायचे, हे मुलांना बजावावे.

संगणक आधी रिकामा ठेवून, मग एखादी चित्रफीत लावून आणि शेवटी पडदा बंद करून अशी तीन मापे मुलांनी घ्यावीत. वहीत तीन आकडे आले, की त्यांना प्रत्येक आकड्याखाली आणखी एक ओळ लिहायला सांगावी: दिवसातले किती तास हे यंत्र या अवस्थेत असते? बहुतेकांच्या वहीत सर्वांत मोठे तास पहिल्या आकड्याखालीच पडतील. शाळेसाठी यंत्र निवडण्याची बैठक भरेल, तेव्हा ती वही मेजावर असू द्यावी.